आभार कोणाचे मानायचे? थँक्सगिव्हिंगच्या स्वयंपाकघरातून

२८ नोव्हेंबर २०२४. महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी मी न्यू जर्सीत ताईच्या घरी होतो आणि नऊ किलोच्या टर्की पक्ष्याला नागपूरहून आणलेला काळा मसाला चोळत होतो. भाचीने फोटो काढला. मी तो आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकला आणि पहिलं उत्तर आलं, "स्मृतिदिनी अभिवादन सोडून गोऱ्यांचा सण साजरा करतोस काय?" दुसऱ्याने विचारलं, "ज्यांनी तिथल्या मूळच्या लोकांना कापून काढलं, त्यांच्या आनंदात तू कशाला?"

प्रश्न चुकीचे नव्हते. दोन ओळींत उत्तर देण्यासारखेही नव्हते. म्हणून हा लेख.

आधी स्वयंपाकाचं सांगतो, कारण सगळा वाद तिथूनच निघाला. थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा अमेरिकेचा कुटुंबमेळ्याचा दिवस. ताईकडे त्या दिवशी तेवीस माणसं जेवायला येणार होती: भाऊजींच्या भावाचं कुटुंब, आमचे दोन चुलतभाऊ बायकामुलांसह, रविवारी बुद्धवंदनेला जमणारी दोन कुटुंबं, ताईच्या ऑफिसातली एक कृष्णवर्णीय मैत्रीण आणि शेजारचं एक मराठी कुटुंब. ताई नोकरी करते, आईचं वय ६७. मी म्हणालो, यावेळी स्वयंपाक मी आणि भाऊजी करू. वस्त्यांमध्ये स्त्रीमुक्तीवर बोलायला मी पुढे असतो. घरात तेवीस माणसांचा स्वयंपाक आयुष्यात एकदाही केला नव्हता.

केल्यावर कळलं की खरं काम चुलीवर नसतंच, ते यादीत असतं. गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये सुटी व्हायला साधारण चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. आमची वीस पौंडांची, म्हणजे शनिवारीच खाली काढायला हवी होती. आम्ही रविवारी रात्री काढली. बुधवारी रात्री पोटात हात घालून पाहतो तर आत बर्फ! मग थंड पाण्याच्या टबात ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. भाऊजी आणि मी रात्री एक वाजेपर्यंत पाळ्या लावून बसलो. ओव्हन एकच. त्यात टर्की साडेचार तास अडून बसणार, म्हणून भोपळ्याचा पाय आदल्या दिवशी, क्रॅनबेरीची चटणीही आदल्या दिवशी, बटाटे ऐनवेळी. मांसाच्या सगळ्यात जाड भागात थर्मामीटर खुपसून १६५ अंश फॅरनहाइट दिसल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. आईने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "हे मी पन्नास वर्षं डोक्यात ठेवलं."

मला उत्तर सुचलं नाही. समाजशास्त्रात एमए करताना घरकामाच्या बिनमोल श्रमावर मी वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

क्रॅनबेरीची चटणी आईने चाखली. "हे त आपली अंबाडीच हाय, साखर घातलेली." मका, घेवडा आणि भोपळा त्या टेबलावर दरवर्षी असतात. ही तिन्ही पिकं एकाच वाफ्यात एकमेकांच्या आधाराने लावण्याची रीत तिथल्या मूळच्या लोकांची. मासॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर १६२० साली उतरलेल्या गोऱ्यांना मका पेरायला वाम्पानोआग लोकांच्या संगतीतल्या माणसानेच शिकवलं. १६२१ च्या सुगीत त्यांचा प्रमुख मासासॉइट नव्वद माणसं घेऊन आला, पाच हरणं मारून दिली, तीन दिवस जेवणं झाली. शाळेत मुलांना सांगतात ती गोष्ट इथे संपते.

पुढची गोष्ट अशी की त्याच मासासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ साली गोऱ्यांशी लढताना मारला गेला आणि त्याचं डोकं प्लिमथ गावात खांबावर लटकवून कित्येक वर्षं ठेवलं गेलं. मका पेरायला शिकवणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला मिळालेली ही परतफेड.

१९७० साली त्या गोऱ्यांच्या आगमनाला ३५० वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ ठरला. वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग माणसाला भाषणाला बोलावलं. आयोजकांनी भाषण आधी मागून घेतलं. त्यात लुटलेल्या जमिनीचं आणि उकरलेल्या कबरींचं सत्य होतं. ते बदला, असं सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला. त्या वर्षीपासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथच्या टेकडीवर मूळचे लोक जमतात आणि राष्ट्रीय शोकदिन पाळतात.

हे वाचताना तुम्हाला लाहोर आठवलं असेल. १९३६ साली जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपदासाठी बोलावलं, भाषण आधी मागितलं, त्यातला मजकूर झेपला नाही आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी एक शब्द न बदलता ते स्वतः छापलं. दोन खंड, दोन काळ. बोलावणारे मात्र एकाच स्वभावाचे: व्यासपीठावर तुम्ही हवेत, तुमचं म्हणणं नको.

मग अशा दिवशी आपण जेवायचं कशाला? माझं उत्तर आमच्या जेवणातच सांगतो.

ताई त्या कॉलनीत आठ वर्षं राहते. शेजारचं मराठी कुटुंब चांगलं आहे, मुलं एकत्र खेळतात. आमचं आडनाव असं की त्यावरून नेमकं कळत नाही. "मूळचे कुठले?" या प्रश्नाला ताई "नागपूरकडचे" एवढंच सांगायची. बाबासाहेबांचा फोटो वरच्या बेडरूममध्ये होता. आई आल्यावर तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "फोटो वरतं कायले ठेवला वं? बाबासाहेब इथं झोपाले आले काय?" ताई हसली आणि विषय बदलला.

मित्रांनो, ताईला भित्री म्हणण्याची घाई करू नका. जात विमानात बसून अमेरिकेत पोचली आहे हे आता तिथल्या लोकांनाही ठाऊक झालं आहे. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारलं. नोकरी, व्हिसा, मुलांची सोबत, सगळं ज्या छोट्या वर्तुळावर टेकलेलं असतं, त्यात माणूस तोंड सांभाळून राहतो.

जेवणाच्या दोन दिवस आधी शेजारणीचा फोन आला. "आम्ही शाकाहारी, तर आमचा डबा आम्ही घेऊन येऊ, ताटंही आणू, तुम्ही त्रास घेऊ नका." ताईने सांगितलं की शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, आधी, वेगळ्या पळ्यांनी होणार आहे. वरण-भात, भरली वांगी, मका, घेवडा, सगळं. तरी त्या म्हणाल्या, बघू. हा आहाराचा प्रश्न होता की जातीचा? मला सांगता येणार नाही. हे सांगता न येणं हीच आजच्या जातीची सोय आहे. ती कायम दुसऱ्या कशाच्या तरी कपड्यात येते आणि तुम्ही बोललात तर तुम्हीच संशयी ठरता.

आईला ताटांचं कळलं तेव्हा ती वांगी चिरत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितलं, जे आम्हा दोघांनाही पूर्ण ठाऊक नव्हतं. नागपूरला ती ज्या घरी अकरा वर्षं भांडी घासायची, तिथे तिचा चहाचा कप मागच्या दाराच्या कोनाड्यात असायचा. एकदा घरातली बाई आजारी पडली, तेव्हा आई म्हणाली, मी दोन पोळ्या टाकून देते. "नको नको" म्हणत त्यांनी शेजारून पोळ्या आणवल्या. तिने घासलेली ताटं चालत होती. त्या ताटात तिच्या हातचं अन्न चालत नव्हतं.

त्या रात्री ताईने फोटो खाली आणला. हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलासमोर. शेजारी जोतिरावांचा आणि सावित्रीमाईंचा. कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी जेवणाआधी वंदना झाली. मग भाचीने इंग्रजीत दोन गोष्टी सांगितल्या. एक मेटाकॉमची. दुसरी अशी की १८६३ साली, गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याच्याच वर्षी, लिंकनने थँक्सगिव्हिंगचा राष्ट्रीय दिवस जाहीर केला, आणि दहा वर्षांनी पुण्यात जोतिरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना मुक्त केल्याबद्दल. आपले देशबांधवही शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना हाच कित्ता गिरवतील, या आशेने.

ताईच्या मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "कुणाला अर्पण केलं? आम्हाला कुणी सोडवलं नाही. आम्हीही लढलो." बरोबर होतं. त्या युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. मुक्ती देणाऱ्याचे आभार मानताना मुक्ती मिळवणारा नेहमी मागे पडतो. आपल्याकडेही 'हरिजनोद्धारा'चे आभार आपल्याकडूनच मागितले गेले नाहीत का?

शेजारचं कुटुंब आलं. ताटं आणली नव्हती. शेजारीण फोटोंकडे पाहून "अच्छा" म्हणाली, आणि त्या एका शब्दानंतरची शांतता आम्ही सगळ्यांनी ऐकली. तिने वरण-भात, वांगं जेवलं, वांग्याची कृतीही विचारली. तिच्या नवऱ्याने पोट बरं नाही सांगून फक्त दुकानातून आणलेली बिस्किटं खाल्ली. टर्की थोडी कोरडी झाली होती. रस्सा मात्र संपला.

सिनेमासारखा शेवट नाही. दरवर्षी येणारं शेजारचं हळदीकुंकवाचं बोलावणं या जानेवारीत ताईला आलं नाही. त्यांची मुलगी मात्र अजून भाचीकडे अभ्यासाला येते. फोटो खालीच आहेत.

आता माझं म्हणणं. कृतज्ञता हा आपलाही धम्ममूल्यांचा भाग आहे, महामंगलसुत्तात कतञ्ञुता हे मंगल म्हणून सांगितलं आहे. पण कृतज्ञतेला सत्याची अट हवी. कुणाचं काय घेतलं हे झाकून मानलेले आभार म्हणजे लुटीवर टाकलेलं पांढरं कापड. आणि वरच्याने खालच्याकडून मागितलेले आभार तर गुलामीच. शिळ्यापाक्या तुकड्याबद्दल हात जोडायला लावणाऱ्या व्यवस्थेला बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडलाच उत्तर दिलं. मेलेल्या ढोराचं मांस आणि दारोदारचं उष्टं सोडा, असं सांगितलं. अन्नाचा प्रश्न त्यांच्यासाठी पाण्याइतकाच स्वाभिमानाचा होता.

म्हणून त्या दिवशी जेवायला माझी हरकत नाही. शोकाची गोष्ट ताटाशेजारी ठेवून जेवा, स्वतःच्या माणसांचा फोटो खाली आणून जेवा, आणि स्वयंपाक पुरुषांनी करा. इथल्या तरुणांना टर्कीची गरज नाही. २८ नोव्हेंबरला आपल्या वस्तीत जोतिरावांच्या नावाने सहभोजन ठेवा, ज्यांच्या घरी कुणी जेवत नाही त्यांना आधी बोलवा, आणि आयाबहिणींना पहिल्या पंगतीत बसवा. किती जणांची 'पोटं बिघडतात' ते मोजा.

एक शेवटचं. थँक्सगिव्हिंगला अन्न खूप उरतं आणि ते डब्यांत भरून पाहुण्यांना द्यायची रीत आहे. आईने मला सकाळीच, कुणी जेवायच्या आत, आठ डबे भरायला लावले. मी म्हणालो, उरलेलं देऊ ना नंतर. ती म्हणाली, "उरलेलं नाही द्यायचं कोनाले. आधी काढून ठेवायचं."

जयभीम!