पुन्हा स्पर्धक

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक नांदेडला, दुसरा लातूरला. २००८ साली झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ सुरू झाले तेव्हा आम्ही तासिका तत्त्वावर शिकवीत होतो आणि मराठवाड्यात भारनियमन ऐन भरात होते. ऐन गाण्यात वीज जाई. मग दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणाची वाट पाहायची, आणि तोवर कुणी निकाल सांगू नये म्हणून स्टाफरूममध्ये कानांवर हात ठेवायचे. अखेरच्या पाच जणांत लातूरचा रोहित राऊत होता. कार्तिकी गायकवाडचे अभंग, प्रथमेश लघाटेची नाट्यपदे यांच्या शेजारी हा शाळकरी मुलगा ठेक्याची, पाश्चात्त्य वळणाची गाणी घेऊन उभा राही. जिथे गाणे म्हणजे आधी भजन, अशा मुलुखातून असा गायक निघाला याचे आम्हांला अप्रूप होते आणि, खरे सांगायचे तर, थोडी अढीही. तरी रिचार्जचे पैसे त्याच्याच मतांसाठी लघुसंदेशांत जात. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजयी झाली. लातूर हळहळले आणि बारावीच्या परीक्षेला लागले.

‘लातूर पॅटर्न’च्या गावात यशस्वी मुलांचे फलक लागतात आणि पुढच्या निकालाला उतरतात. उतरलेल्या फलकावरच्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची पद्धत नाही. गुणवत्ता यादीतल्या मुलाचे गणित निदान त्याच्यापाशी राहते. गाणाऱ्या मुलाचे तसे नसते. ज्या आवाजावर लोकांनी जीव टाकला, तो आवाजच किशोरवयात फुटतो. स्वरयंत्र वाढते, पट्टी उतरते. वरचा सा जिथे सहज लागे तिथे घसा दगा देतो. जुने वाद्य गेलेले, नवे हाताला न बसलेले, आणि फर्माईश मात्र त्याच जुन्या गाण्यांची.

आमच्या विषयातले उदाहरण आठवते. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात कर्नल कीर्तिकरांनी जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ म्हटले. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात ते गेले, तेव्हा अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. आणि तरी ते बालकवीच. अशी उपाधी देणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, पण ती उतरवून ठेवायची सोय नसते.

त्या पाचांपैकी आर्या आंबेकर २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’ची नायिका झाली. रोहित गात राहिला, चालीही बांधू लागला. पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते २०१९ साल. महाराष्ट्रात घरोघरी नाव माहीत असलेला हा तरुण ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात पुन्हा छातीवर क्रमांक लावून परीक्षकांसमोर उभा राहिला. ज्याचे नाव झालेले नाही त्याला हरण्यात फारसे गमवायचे नसते, याला होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सनी हिंदुस्थानी पहिला आला, रोहित दुसरा. पुढच्याच वर्षी लिटिल चॅम्प्सच्या नव्या पर्वात ते पाचही जण परीक्षकांच्या जागी बसले. त्या खुर्चीपेक्षा आम्हांला ती उमेदवारीच मोठी वाटते.

याला एक खासगी कारण आहे. बी.ए. लातूरला आणि एम.ए. नांदेडला केलेला आमचा एक विद्यार्थी सुगम गायनात युवक महोत्सव गाजवीत असे. मुंबईला जाऊ का, असे त्याने आम्हां दोघांनाही वेगवेगळे विचारले होते. आम्ही दोघांनीही, एकमेकांशी न बोलता, एकच उत्तर दिले : आधी बी.एड. कर. त्याने केले. नोकरीसाठी मागितलेली रक्कम त्याच्या वडिलांना जमली नाही. आता त्याचा मंडप-साउंडचा धंदा आहे. माइक तपासताना दोन ओळी गातो, तेवढेच.

अंतिम फेरीच्या आठवड्यात त्याने दोघांनाही एकच संदेश पाठवला, ‘सर, रोहितला मत दिलं का?’

आम्ही दिले नव्हते.