चालू मोटारीवरचा आकडा

मोटार बंद असताना घेतलेलं व्होल्टेज मी पुरावा म्हणून धरत नाही. लोहाऱ्याच्या आसपास, सास्तूर-जेवळीकडून फोन येतात, "मामा, लाइन फुल्ल हाय, मीटरात 415 दावतंय, पण मोटार पाणी उचलंना." आकडा खोटा नसतो. पण व्होल्टेज मोजताना मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण 10 मेगओहम. एवढ्याशा करंटला जळका कॉन्टॅक्टही वाट देतो. मोटारीचे अँपिअर वाहू लागले, की तोच सांधा व्होल्ट खातो. माकणीच्या निम्न तेरणा धरणातून पाणी उचलायला लांब केबल टाकली, तर केबलही खाते.

व्होल्टेज पडलं की मोटार करंट कमी घेईल असं वाटतं. बल्बचं तसं होतं. मोटारीला पाणी तेवढंच ढकलायचं असतं, म्हणून ती उलट जास्त ओढते आणि तापते.

चालत्या मोटारीची एक फेज गेली तर ती लगेच थांबत नाही, घरघरत राहते. अशा वेळी मोटारीच्या टोकांवर व्होल्टेज पाहिलं तर तिन्हीकडे बऱ्यापैकी आकडा येतो, कारण गेलेल्या फेजवर मोटार स्वतःच व्होल्टेज तयार करते. टाँग टेस्टर मात्र फसत नाही: एका तारेत शून्य, उरलेल्या दोन्हींत वाढलेले अँपिअर. तार एकेकच जबड्यात घ्यावी. तिन्ही एकदम घेतल्या तर बेरीज शून्याजवळ येते आणि शिकाऊ पोरं गोंधळतात.

माझी आवडती मोजणी वेगळीच आहे. मोटार चालू ठेवायची आणि एक प्रोब स्टार्टरच्या इनकमिंगला, दुसरा त्याच फेजच्या आउटगोइंगला लावायचा. त्याआधी लाल पिन अँपिअरच्या सॉकेटात राहिलेली नाही हे डोळ्यांनी पाहायचं. तशी राहिली आणि प्रोब दोन फेजांना लागले, तर तो थेट शॉर्ट. कॉन्टॅक्ट चांगला असेल तर आकडा शून्याला चिकटून राहतो. 8 व्होल्ट दिसले, तर 5 एचपीच्या मोटारीच्या साडेसात अँपिअरने त्या एका ठिकाणी 60 वॅट उष्णता होतेय, सोल्डरिंग आयर्नसारखी. बाहेरून स्टार्टर चकाचक दिसत असला तरी बिघाड तिथेच आहे.

कॉन्टॅक्ट बदलला की चालू मोटारीवरचे तिन्ही व्होल्टेज, तिन्ही अँपिअर आणि तारीख मी स्टार्टरच्या झाकणाच्या आत मार्करने लिहितो. पुढच्या वेळी दुसरा कोणी आला, तरी त्याला ताडून पाहायला आकडे मिळतात.