लोणावळ्याची चिक्की, वय वर्षं बारा

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळची लोणावळा लोकल म्हणजे चालतीबोलती पिकनिक. दारात ट्रेकवाल्यांच्या सॅक, आत कॉलेजच्या पोरांची अंताक्षरी, आणि तळेगाव गेलं की सगळ्यांचे मोबाइल खिडकीबाहेर. वडगावपासून भातखाचरं सुरू होतात. आपण मॉलमधून ज्याचं पाच किलोचं पोतं आणतो तो इंद्रायणी तांदूळ याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात १९८७ साली तयार झाला, हे मला आत्ताआत्तापर्यंत माहीत नव्हतं. मग कान्हे, कामशेत, आणि मळवलीला डबा निम्मा रिकामा. भाजे लेणी, विसापूर, लोहगड. २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेल्यावर तर गर्दीला आणखी एक निमित्त मिळालं.

गेल्या पावसाळ्यात मीही दर रविवारी मळवलीलाच उतरत होते. पण गडावर जायला नाही. माझ्या सॅकमध्ये थर्मास असायचा, आणि मला एका बारा वर्षांच्या मांजरीशेजारी बसून चहा प्यायचा असायचा. ऑफिसात सांगितलं तेव्हा टीममधल्या सगळ्यांनी ‘सो क्यूट’ म्हटलं. तसं ते क्यूट नव्हतं. तिला तिथं मीच नेऊन सोडलं होतं.

चिक्की माझ्या आत्याची. आत्या रिटायर झाल्यावर तुंगार्लीत छोट्या बंगल्यात एकटी राहायची. एका जूनमध्ये पायरीखाली भिजलेलं पिल्लू सापडलं. गुळाच्या पाकात दाणे आणि मधेच करपलेले काळे डाग, असा रंग. लोणावळ्यात राहून दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. (अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. त्या रंगांचा गुणसूत्रांशी संबंध आहे. आत्याचं म्हणणं, एवढं नटायची हौस बोक्यांना नसतेच.) बारा वर्षं दोघी मजेत होत्या. मग आत्या बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि दादा तिला बंगळुरूला घेऊन गेला. त्याच्या मुलाला दमा. बंगला विकायला काढला. राहता राहिली चिक्की.

नातेवाईक अशा वेळी फार हुशार होतात. ‘अगं, बाजारात मासळीवाल्यांपाशी सोड, मजेत राहील’ असा सल्ला मला तिघांनी दिला. बारा वर्षं गादीवर झोपलेली, सांधे धरलेली मांजर, ऐन पावसाच्या तोंडावर, दुसऱ्या मांजरांच्या हद्दीत आणि कुत्र्यांच्या वाटेत. मजा कोणाची झाली असती ते उघड आहे. शिवाय पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कलम ११. हे ऐकवल्यावर सल्ले थांबले, पण ‘मग तूच ने’ हे मात्र सुरू झालं.

मी नेलं नाही. वाकडच्या फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये ‘नो पेट्स’ लिहिलंय, हे मी सगळ्यांना सांगितलं. सोसायटीनं सरसकट बंदी घालू नये अशी अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची सूचना २०१५ पासून आहे, पण भाड्यानं देणाऱ्या मालकाशी कोण भांडणार? खरं सांगायचं तर घरमालक हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं म्हणजे माझी रात्रीची क्लायंट कॉल्स, अधूनमधून येणारी ऑनसाइट आणि वीकएन्डला गावाला पळायची सवय.

मळवलीजवळ एक ताई पंधरा-वीस मांजरं सांभाळतात, असं आत्याच्या डॉक्टरांकडून कळलं. म्हणजे चिक्कीच्या डॉक्टरांकडून. ताईंची एकच अट आहे: नाव-पत्ता छापायचा नाही. एकदा कोणी तरी तो फेसबुकवर टाकला, तर आठवड्याभरात गेटबाहेर पिल्लांची तीन खोकी. तेव्हा माफ करा, पत्ता नाही.

पिंजरा हातात घेऊन गेले तेव्हा वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम आहे. ताईंनी चार पानी फॉर्म पुढे केला. काय खाते? कशात खाते? कुठे झोपते? शी-शू मातीत की ट्रेमध्ये? कोणत्या आवाजाला घाबरते? मला यातल्या एकाचंही उत्तर येईना. शेवटी तिथूनच आत्याला फोन लावला. ती पंचवीस मिनिटं बोलत होती आणि ताई लिहून घेत होत्या. अ‍ॅप्रेझलला माझ्याबद्दल कोणी एवढं लिहिलेलं नाही.

दहा वर्षांवरची मांजर म्हणजे ‘सीनियर’, असं पशुवैद्यकांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सीनियर पाहुण्यांसाठी ताईंकडे वेगळी खोली आहे, तरुण टवाळखोरांपासून लांब. पहिले दोन आठवडे तिथंच. रक्ताची तपासणी (मूत्रपिंड थोडं थकलंय असं निघालं), दात, लशी. मग माझं गृहपाठाचं सामान आलं. आत्याची धुवायची राहिलेली सुती साडी. मुद्दाम न धुतलेली, वास जाऊ नये म्हणून. आणि बंगल्याच्या बागेतली बादलीभर माती. चिक्की जन्मात ट्रेवर बसली नव्हती. ताईंनी प्लॅस्टिकच्या टोपल्याची एक बाजू कापून उंबरा बुटका केला, कारण म्हाताऱ्या गुडघ्यांना पाय उचलून आत जायचा कंटाळा येतो, आणि आत ती माती भरली. रोज थोडी माती कमी, थोडी नेहमीची लिटर जास्त. दहा दिवसांत बाईसाहेबांच्या लक्षातही आलं नाही.

पण खाणं? शून्य. आडव्या ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात साडीवर भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. मी ओढून काढायला गेले तर ताईंनी हात धरला. लपायला जागा मिळाली की मांजर लवकर सावरतं. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये १९ नव्या मांजरांवर हा प्रयोग झाला होता, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना खोका दिला होता ती पहिल्या काही दिवसांतच बाकीच्यांपेक्षा शांत दिसायला लागली. आपल्याला खोका म्हणजे रुसवा वाटतो. तिच्या लेखी ती खोली आहे, कडी लावलेली.

उपास मात्र चालत नाही. माणूस दोन दिवस लंघन करून ताजातवाना होतो. मांजर, त्यातून गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस जेवली नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. ताईंचा हिशेब साधा होता: एक दिवस वाट बघायची, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. उकडलेलं चिकन कोमट करून झालं, कारण मांजर आधी नाकानं जेवते. काही नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, भूक लागायचं औषध आणि सलाइन देऊन गेले. मी तिथल्या बाकावर बसून रडत होते. ताईंकडे कामाला येणाऱ्या मावशी भाज्याच्या. त्या झाडू मारता मारता म्हणाल्या, ‘म्हातारं माणूस गाव सोडून पोराकडं ऱ्हायला जातं, तवा काय करतं? कोपरा धरून बसतं. मग? आपुन त्याच्यापाशी बसायचं.’

मी पुन्हा आत्याला फोन केला. आवाजावरून ती पण कोपरा धरूनच बसलेली वाटली. म्हणाली, ‘अगं, ती एकटी जेवत नाही. चार वाजता मी चहा घेऊन बसायचे, तेव्हा शेजारी जेवायची. आणि वाटी स्टीलची. प्लॅस्टिकला तोंड लावायची नाही.’

हे फॉर्ममध्ये नव्हतं. कोणाच्या डोक्यात येणार?

चार वाजता ताई, मावशी आणि मी असे तिघी जमिनीवर बसलो. चहा, पार्ले-जी, स्टीलची वाटी. तिच्याकडे कोणी बघायचं नाही, अशी सक्त ताकीद. पहिला कप झाला. दुसरा झाला. पत्र्यावर पाऊस एवढा की बोललेलं ऐकू येईना. तिसऱ्या कपाला वाटीचा टण् असा बारीक आवाज आला. ताई छताकडे बघत म्हणाल्या, ‘कोणी टाळ्या वाजवू नका.’

औषधानं की चहानं, कोण जाणे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दोन्ही चालू ठेवा.

त्यानंतर सुरू झाले माझे रविवार. तुम्हाला काही थरारक सांगावं असं त्यात काहीही घडलं नाही. मी खोलीत बसायचे आणि हळू आवाजात वाचायचे. पुरवण्या, ऑफिसची मेल्स, एकदा तर अख्खी लीव्ह पॉलिसी. ताईंनी एक फंडा शिकवला. डोळ्याला डोळा भिडला की पापण्या अगदी सावकाश मिटायच्या आणि उघडायच्या. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात असं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ मांजरं जास्त सहज गेली होती. चिक्कीनं मला चौथ्या रविवारी उत्तर दिलं. पाचव्या रविवारी माझ्या सॅकवर बसली. माझ्यावर नाही, सॅकवर.

आता घर शोधायचं होतं, आणि इथं गाडी अडली. सगळ्यांना पिल्लू हवं असतं. चिक्कीचा पहिला फोटो मीच काढला होता, वरून, फ्लॅश मारून. पोलिस स्टेशनातल्या फोटोसारखा. एक फोन आला नाही. पवना धरणाकडच्या फार्महाउसवाल्याचा आला, पण त्यांना उंदीर मारायला मांजर हवी होती. ‘तिला दातच पाच कमी आहेत,’ असं म्हणून ताईंनी ठेवून दिला. हिंजवडीचा एक मुलगा प्रत्यक्ष येऊन गेला. चांगला होता. निघताना त्यानं विचारलं, ‘पण ही अजून किती जगेल?’ ताई म्हणाल्या, घरात राहणाऱ्या मांजरी पंधरा सहज गाठतात, काही अठराही, पण गॅरंटी कार्ड नाही. तो परत आला नाही. मला त्याचा राग आला, आणि मग आठवलं की हाच हिशेब मीही केला होता, फक्त मोठ्यानं बोलले नव्हते.

दुसरा फोटो ताईंनी सकाळच्या उजेडात काढला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, साडीसकट. खाली मजकूर: ‘चिक्की. वय १२. मूत्रपिंड थोडं थकलेलं, खाणं वेगळं, सहा महिन्यांनी तपासणी. उंच उडी मारत नाही. दुपारी चारला चहाला सोबत लागते.’ मला वाटलं, इतकं खरं लिहिलं तर कोण घेईल? ताई म्हणाल्या, ‘जो फोन करेल तो वाचूनच करेल.’

फोन तळेगावहून आला. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, तळमजल्यावर राहणाऱ्या. ताईंनी त्यांनाही सोडलं नाही. दोनदा यायला लावलं, खिडक्यांच्या जाळ्यांचे फोटो मागवले, तुम्ही आजारी पडलात तर कोण बघेल हे तोंडावर विचारलं. बाईंनी पुण्यातल्या भाचीचा नंबर दिला. वर म्हणाल्या, ‘हा प्रश्न मला माझ्या मुलांनीसुद्धा विचारलेला नाही.’ दुसऱ्या खेपेला स्वतःचा कप घेऊन आल्या होत्या.

चिक्की साडी, वाटी आणि टोपलं घेऊन तळेगावला गेली. नऊ दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. जेवण मात्र वेळेवर, चहाच्या वेळेला, पलंगाखालीच. मी घाबरून रोज फोन करायचे. बाई म्हणायच्या, ‘अहो, मला कुठे जायचंय? होईल सावकाश.’ दहाव्या रात्री ती पायाशी येऊन झोपली.

हल्ली मी महिन्यातून एखाद्या रविवारी मळवलीच्या चार स्टेशनं आधी उतरते. मागच्या वेळी तिथूनच आत्याला व्हिडिओ कॉल लावला. चिक्की खिडकीत होती, तिनं मान वळवली नाही. आत्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिनं बाईंना विचारलं, ‘वाटी स्टीलचीच आहे ना?’

बाईंनी ती उचलून कॅमेऱ्यासमोर धरली.