पुरे म्हणेपर्यंत

दुपारी बाराच्या पुढे काळबादेवीच्या दादीशेठ अग्यारी गल्लीतून चालायचं म्हणजे आधी हातगाडीला वाट द्यायची, मग डोक्यावर कापडाचे तागे घेतलेल्या हमालाला, आणि उरली तर आपण घ्यायची. १९४५ सालापासूनचं 'श्री ठाकर भोजनालय' याच गल्लीत आहे. पाटी शोधत बसू नये, कुठल्याही दुकानदाराला विचारावं. तो बोटही न दाखवता नुसती हनुवटी वळवतो आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे बघतो.

मुंबईपासून अहमदाबादपर्यंत पोटभर थाळीच्या मागे जायचं, असा माझा आणि माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा बेत होता. तिला बुफे प्रिय, मला पंगत. तिचं म्हणणं असं, की बुफेत आपल्या हाताने हवं तेवढं घेता येतं, कुणी मानेवर उभं राहून वाढत नाही. माझं म्हणणं असं, की ताटली घेऊन रांगेत उभं राहायचं असेल तर पैसे त्यांनी आपल्याला द्यावेत. हा वाद लग्नाच्या हॉलमध्ये सुटत नाही, म्हणून गुजरातेत न्यायचं ठरवलं.

काळबादेवीतली ही भोजनालयं हौसेखातर निघालेली नाहीत. मुळजी जेठा मार्केट, कापूस बाजार, झवेरी बाजार इथे धंद्यासाठी आलेले गुजराती आणि मारवाडी पुरुष कुटुंब गावी ठेवून येत. त्यांना दोन वेळचं घरचं, शाकाहारी, आपल्या चवीचं जेवण हवं होतं. महिन्याचे पैसे भरायचे आणि पोटभर जेवायचं, ही पद्धत त्यातून आली. गिरणगावात आपल्या कामगारांसाठी खाणावळवाल्या बायका जे करत होत्या, तेच इथे महाराजांनी केलं. इथे महाराज म्हणजे आचारी. आता महिन्याने जेवणारे थोडे आणि आमच्यासारखे हौशी जास्त. त्यामुळे दर पाचशेच्या पुढे गेलाय आणि वाढप्याला हसून बोलावं लागतं.

बसल्याबरोबर ताट येतं आणि आपण पाणी पिईपर्यंत भरतं. एका दांड्याला अडकवलेली चार-पाच भांडी घेऊन एकजण भाज्या वाढतो. दुसऱ्याकडे फरसाण, तिसऱ्याकडे दाळ आणि कढी, आणि फुलकेवाला सतत फिरता. त्या फुलक्याबद्दल सांगितलंच पाहिजे. तव्यावरून उतरून निखाऱ्यावर टम्म फुगलेला तो ताटात पडतो, तेव्हा अजून फुगलेलाच असतो. वाढपी पळीच्या टोकाने त्याला हलकेच टोचतो, वाफ निघते, आणि त्याच भोकातून तुपाची धार आत जाते. तूप वरून फासलं तर ते बोटांना लागतं, आत गेलं की घासाला लागतं. हे सगळं एका हाताने, चालता चालता, बोलता बोलता.

गल्ल्यावरच्या काकांना मी विचारलं, इतकं वाढून परवडतं कसं? ते मुंबईच्या गुजराती माणसाच्या स्वच्छ मराठीत म्हणाले, "ताई, अनलिमिटेड आमचं. पोट तर तुमचंच ना!"

यात धंद्याचं सगळं गणित आहे. ढोकळा, पातरा, कचोरी असं गरम फरसाण सगळ्यात आधी येतं, आणि पहिल्या भुकेला माणूस त्याच्यावरच तुटून पडतो. बेसन आणि तेल पोटात फुगतं. त्यावर गार ताक. मग बासुंदी किंवा मोहनथाळाची वेळ येते तेव्हा आपण आपणहून हात आडवा धरतो. एखादा पट्टीचा खाणारा त्यांना लुटून जातो, पण त्याच्या मागून सासूबाईंना घेऊन आलेली सून दोन फुलक्यांत उठते. सरासरी बरोबर बसते. तोटा होतो तो टाकलेल्या अन्नाचा. म्हणून वाढपी आग्रह भरपूर करतात, पण एका वेळी वाढतात थोडंच.

मैत्रिणीने पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. दाळ गोड! गुजराती दाळीत गूळ, आमसूल आणि भुईमूग असतात, लग्नघरची असेल तर खजूर आणि सुरणाचे तुकडेही. आपल्या चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाने तिला नावं ठेवावीत हे मला पटत नाही. पण मी गप्प बसले. शेवटी भातावर तिने तीच दुसऱ्यांदा मागून घेतली. या सबंध प्रवासात माझी कसोटी हीच होती. किती पदार्थ आले हे मोजायचं नाही, दुसऱ्यांदा काय मागितलं ते लक्षात ठेवायचं.

मुंबईत अजून नावं पुष्कळ. काळबादेवीतच 'फ्रेंड्स युनियन जोशी क्लब' आहे. नाव क्लबाचं, आत साधी टेबलं आणि नीट जेवण. काळा घोड्याला १९४६ पासूनचं 'चेतना' आहे, तिथे गुजराती आणि राजस्थानीबरोबर मराठी थाळीही मिळते. या चेतनाचा पुस्तकांचाही व्यवसाय. खेतवाडीत राहणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठीतली निरूपणं इंग्रजीत 'आय ॲम दॅट' या नावाने १९७३ साली जगापुढे आली, ती चेतनाच्याच प्रकाशनाने. एका छपराखाली अध्यात्म आणि पुरणपोळी चालवणं गुजराती माणसालाच जमावं असं वाटतं खरं, पण चेतना काढणारे होते सुधाकर दीक्षित.

संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून फ्लाइंग राणी पकडली. १९०६ साली सुरू झालेली ही गाडी. तिचे दुमजली डबे २०२३ साली काढून टाकले, याचं आम्हाला दोघींनाही वाईट वाटलं, कारण लहानपणी वरच्या मजल्यासाठी भांडणं झाली होती. डहाणूला अंधार झालेला. घोलवड गेलं, उंबरगाव आलं, फलाटावरची अक्षरं डोक्यावरची रेघ टाकून गुजराती झाली, आणि समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने थेपल्यांचा डबा उघडला. आम्हाला आग्रह झालाच. अनलिमिटेडची सुरुवात गाडीतच होते.

मराठी माणसाला सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० ही सालं आठवतात. सुरती माणसाशी गप्पा मारताना ती आठवू नयेत. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं, की जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत. जानेवारीत गेलं की यातला पहिला भाग तरी पटतो. नदीकाठी पोंकाचे स्टॉल लागलेले असतात. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, पण हे लोक त्याच्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालून खातात. आपण लसणीची चटणी आणि दही घेतो. कुणाचं बरोबर यावर आम्ही दोघी पहिल्यांदाच एका बाजूला होतो.

घोडदोड रस्त्याकडच्या एका थाळीगृहात उंधियू मिळालं. मुंबईत उंधियू म्हणून जे मिळतं त्यात बटाटा पुढे आणि बाकीचे मागे. सुरतेत मान कतारगामच्या पापडीचा. सोबत जांभळा कंद, रताळं, सालासकट चिरलेली राजेळी केळी, मेथीचे मुठिये, आणि ओली लसूण, कोथिंबीर, खोबरं यांचं हिरवं वाटण. तेल वाटीच्या तळाशी साचलेलं दिसतं, त्याला बिचकू नये. एरवी भांडी घेऊन पळणारा वाढपी उंधियू वाढताना मात्र थांबला, आणि पापडी-कंद सगळं वाटीत आलंय ना, हे बघून पुढे गेला. दुसऱ्यांदा आम्ही उंधियूच मागितलं, तिसऱ्यांदाही. बाकीच्या वाट्या तशाच राहिल्या आणि त्यातल्या दोन केवळ भिडेखातर संपवल्या.

बडोद्याला माझी आत्या आहे. दांडिया बाजारातल्या मराठी घरात लग्न होऊन गेली त्याला आयुष्य झालं. गायकवाडांच्या राज्यात आलेल्या मराठी कुटुंबांचा हा जुना भाग. तिने आधी आम्हाला शेव-उसळ खायला घातली. पांढरे वाटाणे, लाल तर्री, वर शेव आणि कांद्याची पात, सोबत पाव. बडोदेकर हिला आपली खास वस्तू मानतात. तिचं मूळ मराठी स्वयंपाकघरात आहे हे सांगायला कुणी वकील लागत नाही. दुपारी अलकापुरीतल्या एक्स्प्रेस हॉटेलच्या 'मंडप'मध्ये गेलो. गारवा, गाद्यांच्या खुर्च्या, काळबादेवीपेक्षा सगळंच हळू. जेवण चोख, पण इतकं नेमस्त की आग्रह करायचं राहून गेलं. आत्या पानावर बसल्या बसल्या म्हणाली, "अगं, आधी कढीची चव बघ. कढी फाटली असेल तर उठून घरी जाऊ." कढी फाटली नव्हती. आत्या तरीही नंतर घरी खिचडी टाकणार होती.

अहमदाबादेत मैत्रिणीच्या मतालाही संधी द्यायची म्हणून एका मोठ्या हॉटेलात उतरलो, खोलीच्या भाड्यात सकाळचा बुफे धरलेला. काचेच्या झाकणाखाली पन्नासेक पदार्थ, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. डोसेवाल्यापुढे रांग. ढोकळा दिव्याखाली ठेवून ठेवून कडांनी सुकलेला. अहमदाबादेत सुकलेला ढोकळा! मैत्रिणीने एका ताटलीत इडली, पास्ता, कलिंगड आणि जिलबी आणली आणि शांतपणे खाल्ली. ती म्हणाली, "दोष बुफेचा नाही, ढोकळ्याचा आहे." मला वाटतं दोष वाट बघण्याचा आहे. बुफेत पदार्थ माणसाची वाट बघतो, थाळीत माणूस पदार्थाची. फुलका, भजी, ढोकळा यांना वाट बघायला लावलं की ते रुसतात. बिर्याणी, सॅलड, आइस्क्रीम यांचं तसं नाही, ते बुफेत खुशाल घ्यावं. एवढी तडजोड मी केली.

एलिसब्रिजजवळचं 'गोपी' अहमदाबादच्या रोजच्या माणसांचं. काठियावाडी बाजू भक्कम : वांग्याचं भरीत, शेव-टमाटर, बाजरीचा रोटला, लसणीची चटणी. मैत्रिणीला हवा होता तो तिखटपणा अखेर इथे सापडला. वाढप्याशी बोलले तर तो राजस्थानातल्या डुंगरपूरचा निघाला. गुजरातेतल्या अनेक स्वयंपाकघरांत चुलीपाशीही तिकडचीच माणसं असतात. गुजराती जेवण गुजराती माणसाच्या पोटापर्यंत राजस्थानच्या हातांनी पोचतं, हे ताटावर बसलेल्या कुणाच्या ध्यानातही नसतं.

'अगाशिये' हे त्याच्या उलट टोक. सीदी सैयद मशिदीच्या समोर मंगलदास गिरधरदास या गिरणीमालकांची १९२४ सालची हवेली आहे, तिचं आता हॉटेल झालंय आणि गच्चीवर हे भोजनगृह. बेत रोज बदलतो, दर हजाराच्या वर. मशीद १५७३ सालची. तिची झाडाच्या नक्षीची दगडी जाळी आयआयएमच्या बोधचिन्हापर्यंत पोचली. ती दिवसाउजेडी बघून घ्यावी आणि मग गच्चीवर चढावं. जेवण नाजूक, भाज्या मोसमातल्या, तेल बेताचं. पण इथे मी दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. सगळं इतकं निगुतीने मांडलेलं, की मागायला संकोच वाटला. आयुष्यात एकदा जावं असं ठिकाण.

वासणा भागातल्या 'विशाला'ला मात्र मी पुन्हा जाईन. १९७८ साली सुरेंद्र पटेल यांनी शहराबाहेर हे गाव उभं केलं, आता शहर त्याला गिळून पुढे गेलंय. तरी आत कंदिलाचा उजेड, बाजा, कठपुतळीचा खेळ. असं नकली खेडं मला एरवी सहन होत नाही. इथे ते निभावतं, कारण आवारातच १९८१ पासून भांड्यांचं संग्रहालय आहे, 'विचार' नावाचं, आणि ते अस्सल आहे. पितळ, तांबं, कासं, लाकूड : पुरुषभर उंचीच्या रांजणासारख्या भांड्यांपासून तळहातावरच्या अडकित्त्यांपर्यंत. अडकित्त्यांपुढे आम्ही इतका वेळ उभ्या राहिलो की राखणदार येऊन बघून गेला. एक पोपटाच्या आकाराचा होता, सुपारी त्याच्या चोचीत धरायची. मैत्रीण म्हणाली, तिच्या आजीकडे असाच होता आणि तो मोडीत घातला. मोडीत गेलेली अशी भांडी गोळा करता करताच हे संग्रहालय झालंय.

जेवायला जमिनीवर बसायचं, समोर बुटकं टेबल, पानांची पत्रावळ. बाजरीचा रोटला आला, त्यावर लिंबाएवढा पांढऱ्या लोण्याचा गोळा, बाजूला गूळ. लोणी रोटल्याच्या उबेने कडेने सुटत गेलं. भाज्या चार, खिचडी, कढी, आणि जिलबी. पदार्थ काळबादेवीपेक्षा कमी. आम्ही दोघींनीही लोणी तीनदा मागितलं, आणि तिन्ही वेळा वाढपी तितकाच गोळा ठेवून गेला. कुणी मानेवर उभं असल्याची तक्रार त्या संध्याकाळी ऐकू आली नाही.

परत आलो ते रस्त्याने, वलसाडच्या अलीकडे डुंगरीला उंबाडियू खायचं म्हणून. हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला मडकी रचलेली असतात. पापडी, कंद, रताळी, बटाटे हिरवा मसाला लावून मडक्यात भरायचे, तोंडाशी पाला दाबायचा, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. माझ्या मैत्रिणीचं माहेर अलिबागकडचं. तिने मडकं फुटताना वास घेतला आणि ओरडली, "अगं, ही तर पोपटी!" रायगडात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा, इथे त्यांचा पाला आणि पापडी, एवढाच फरक. उंबाडियू किलोवर तोलून मिळतं, सोबत हिरवी चटणी आणि ताक. अर्धा किलो दोघींना भरपूर झालं.

जाणार असाल तर उंधियू आणि पोंकासाठी जानेवारी, आमरसासाठी मे. ठाकरला एक वाजायच्या आत पोचा, अगाशियेला आधी फोन करून जागा राखून ठेवा, विशालाला दिवस मावळायच्या आधी जा आणि भांडी जेवणाआधी बघा, नंतर पाय उचलत नाहीत. आणि कुठेही बसलात तरी ढोकळ्याचा तिसरा तुकडा घेऊ नका.