पाचशे किलोमीटरवरचं घर आणि जुनी डिझेल गाडी

जुनी डिझेल गाडी घ्यावी का, याचं उत्तर गाडी बघून मिळत नाही. तुम्हाला किती लांब आणि किती वेळा जायचंय, यावर ते ठरतं. मी राहतो पुण्यात, आई वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला, एकटी. एका बाजूने पाचशेच्या आसपास किलोमीटर. ट्रॅव्हल्सने जाता येतं, पण तिला अकोल्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की तिथे पुन्हा गाडी भाड्याने घ्यावी लागते. बजेट अडीच लाख. त्यात नवी गाडी येत नाही.

मग हिशोब मांडला. पुण्यात पेट्रोल शंभरच्या वर, डिझेल नव्वदच्या आसपास. त्या आकाराची जुनी पेट्रोल गाडी हायवेला सोळाचं अ‍ॅव्हरेज देते, डिझेल वीसचं. हजार किलोमीटरला पेट्रोलचे साडेसहा हजार, डिझेलचे साडेचार. एका फेरीमागे दोन हजार वाचतात. वर्षाला दहा फेऱ्या केल्या तर वीस हजार. हीच गाडी रोज बारा किलोमीटरवरच्या ऑफिसला नेली, तर वर्षाची बचत दहा-बारा हजारांवर जात नाही आणि एक इंजेक्टर बिघडला की तीही संपते. म्हणून शहरात फिरायला डिझेल घेऊ नका, असं मी मित्रांना सरळ सांगतो.

आपल्या आधीच्या पिढीला हा प्रश्न इतका अवघड नव्हता. 2012च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता. ऑक्टोबर 2014मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, आणि पुढे हा फरक आटत गेला. त्या स्वस्ताईच्या काळात फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन इतक्या गाड्यांत बसलं, की लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, मांझा, झेस्ट, लिनिया, पुंटो. नावं वेगळी, इंजिन तेच. मारुती ते परवान्यावर मानेसरला बनवायची. फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी ते आपल्या रांजणगावला तयार व्हायचं. माझा घरचा रस्ता त्याच रांजणगावावरून जातो. 1 एप्रिल 2020ला बीएस-6 लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं.

गंमत अशी, की इंजिन तेच असलं तरी बाजारात किंमत बिल्ल्याची होते. डिझायरला मागणी जास्त, म्हणून ती महाग. मी 2015ची टाटा झेस्ट घेतली. फिल्टर, ऑइल कुठेही मिळतं. बॉडीचे पार्ट मात्र शोधावे लागतात.

बघायला जाताना मालकाला आधी सांगून ठेवा, ‘गाडी सुरू करून ठेवू नका.’ इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. या इंजिनात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे. सुरू होताना ती खडखडली तर खर्च समोर आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा टर्बो तपासा. मीटर मागे फिरवता येतो, म्हणून सर्व्हिसचे जुने कागद मागा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलन बाकी आहे का, तेही पाहा. 2015मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर येतात. पण एनओसी, इथली नोंदणी आणि कर धरला की ती स्वस्ताई उरत नाही. टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. समृद्धी महामार्गावर तासन् तास एका वेगात जाताना जुना टायर जिवावर बेतू शकतो.

दोन हजार आरपीएमच्या खाली हे इंजिन झोपलेलं असतं. सिंहगड रोडच्या गर्दीत त्याचा कंटाळा येतो. समृद्धीवर मात्र नव्वद-पंच्याण्णवला ते शांत चालतं. तिथे 120ची परवानगी आहे, पण 110च्या पुढे अ‍ॅव्हरेज दोन-तीनने उतरतं.

धुराचं काय? नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, माझ्या गाडीत नाही. दुरुस्तीला ते सोयीचं, हवेला नाही. पुण्यात मी मेट्रोने आणि बसने जातो, गाडी पार्किंगमध्येच असते. तरी वाटेतल्या गावांना ती काजळी लागतेच, हे मला माहीत आहे. दर वेळी पीयूसी काढताना आकडा वाचतो, नुसता कागद घेऊन येत नाही.

2030मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. मग पुन्हा फिटनेस, पर्यावरण कर आणि नव्याने हिशोब. तोवर एका चार्जिंगमध्ये कारंजा गाठणारी जुनी इलेक्ट्रिक गाडी अडीच लाखांत मिळेलही. आई तेव्हा एकाहत्तरची असेल. मधल्या वर्षांत दहा नाही, बारा फेऱ्या होतील का, हे मी आता बघतोय.