जनीच्या गावी

परभणीहून गंगाखेडला आगगाडीने जायला तासाभराचा अवकाश लागतो. वर्णन लिहायला बसावे असे त्या प्रवासात काही नाही. वाटेत घाट नाही, बोगदा नाही, दरीत कोसळणारा धबधबा नाही. दोन्ही बाजूंना काळे रान, त्यावर श्रावणात कापूस, तूर आणि सोयाबीन. पोखर्णीच्या स्टेशनावर नृसिंहाची भक्तमंडळी चढतात-उतरतात. मग गोदावरीचा पूल येतो. गाडी पुलावर आली की डब्यातल्या म्हाताऱ्या बाया कनवटीचे नाणे काढून नदीत टाकतात, हात जोडतात, आणि तेवढ्यात गंगाखेड येते.

एरवी मी या गावी जातो तो जनाबाईच्या दर्शनाला. यंदाच्या श्रावणात मात्र मी निघालो होतो तो भांडायला.

भांडणाचे कारण सांगितले पाहिजे. जनाबाई गंगाखेडची. लहानपणी ती पंढरपूरला नामदेवाच्या घरी गेली आणि तिथे दासी म्हणून राहिली. सुमारे साडेतीनशे अभंग तिच्या नावावर आहेत. ते सगळे एकाच जनीचे, की मागाहून कुणी भाविकांनी तिची मुद्रा घालून आपलेही अभंग त्यांत सोडून दिले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मलाही एक मत असणे भाग होते. या अभंगांतल्या शब्दाशब्दाची सूची करावी, आणि तिच्या आधाराने मूळचे कोणते नि मागचे कोणते याचा छडा लावावा, असे मी ठरवले.

२०१३ साली आमच्या वर्गात गंगाखेडची एक मुलगी होती. मराठी विषय घेऊन बी. ए. करणारी, पण संगणकाची विलक्षण ओढ. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्यूटोरियल' नावाचे मुक्त प्रणालींचे मराठी पाठ तयार केले आहेत. ते ऐकून ऐकून तिने संगणकाशी बोलायला शिकून घेतले होते. तिने माझ्यासाठी 'पायथॉन' नावाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहून दिला. सारे अभंग त्याला दिले की कोणता शब्द कुठे आला, किती वेळा आला, किती अक्षरी आहे, हे तो घटकेत सांगे. त्यावर मी पुढे एक लेख लिहिला. मागाहूनच्या वाटणाऱ्या अभंगांतले शब्द लांब आहेत, म्हणजे ते कुणा पढिक माणसाच्या हातचे असावेत, असा माझा निष्कर्ष. लेखाचे थोडे कौतुक झाले. त्याचे पुस्तक करायचे ठरले.

आणि यंदा जुना संगणक वारला. नव्या संगणकाने तो प्रोग्राम पाहिला आणि एक ओळही पुढे सरकेना. 'कंस घातलेला नाही' अशा अर्थाची इंग्रजी तक्रार करून तो स्वस्थ बसला. बारा वर्षे बिनकंसाचे चालले, आणि आताच कंस कुठून आला? माझे पुस्तक अर्ध्यावर थांबले होते. सूची पिशवीत घालून मी गाडीत बसलो.

ती मुलगी पुण्याच्या एका कंपनीत नोकरी करते, पण काम गंगाखेडच्या घरी बसून. आमच्याकडे 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी म्हण आहे. मुलूख फिरून ज्याचे कुठेच जमले नाही तो अखेर इकडे येतो, असा तिचा अर्थ. "तुझं पुण्यात जमलं नाही की काय?" असे मी गमतीने विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "जमलं म्हणूनच घरी बसायलेय, सर."

तिच्या आईने ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा वाढला. जेवण होईपर्यंत मी भांडण आवरून धरले होते. मग म्हटले, "ही कसली तुमची भाषा? ज्ञानेश्वरी सातशे वर्षांनीही वाचता येते, आणि हिची बारा वर्षांपूर्वीची ओळ चालत नाही!"

"सर, ज्ञानेश्वरीसुद्धा आहे तशीच आपल्यापर्यंत आली का?" तिने विचारले.

मी गप्प झालो. कारण वर्गात हेच मी शिकवतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ. स. १२९०ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकलाकारांनी तिच्यात किती चुका केल्या आणि किती ओव्या पदरच्या घातल्या, याला गणती नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती जमवून ती शुद्ध केली, आणि यापुढे कुणी तिच्यात आपली ओवी घालू नये असे शेवटी बजावून ठेवले. एकनाथांचे पैठण गोदावरीच्या वरच्या अंगाला. त्यांच्या दारावरून आलेले पाणीच गंगाखेडच्या घाटाला लागते.

"मग तुमच्या या भाषेचे एकनाथ कोण?" मी विचारले.

तेव्हा तिने जे सांगितले, ते वाचकांनाही सांगण्याजोगे आहे. पायथॉन ही खिडो वान रॉसम या डच गृहस्थाने केलेली भाषा. १९८९च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत काहीतरी उद्योग हवा म्हणून त्याने ती करायला घेतली, आणि १९९१च्या फेब्रुवारीत जगाला देऊन टाकली. नाव सापाचे वाटते, पण ते घेतले एका विनोदी इंग्रजी कार्यक्रमावरून. भाषा मुक्तस्रोत. म्हणजे तिची सगळी घडण उघडी; कुणीही ती वाचावी, वापरावी, दुरुस्ती सुचवावी. खिडो शेवटचा शब्द बोलणारा. त्याला लोक थट्टेने 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणत.

भाषा वाढली तशा तिच्यातल्या मूळच्या चुका टोचू लागल्या. मग २००८च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली. ती जुन्या प्रोग्रामांशी जुळत नाही, हे सांगूनच आणली. जुनी आवृत्ती तरीही बरोबरीने चालू ठेवली. आधी २०१५पर्यंत तिची देखभाल करायची होती. लोकांचे जुने काम फार म्हणून ती मुदत २०२०पर्यंत वाढवली. १ जानेवारी २०२०ला ती देखभाल संपली. म्हणजे अकरा वर्षे नोटीस लागलेली होती. मी ती वाचली नव्हती, इतकेच.

"पण एवढा खटाटोप कशासाठी? एका कंसासाठी?"

"कंसासाठी नव्हे, सर. तुमच्या जनीसाठी."

तिने संगणकावर 'जनी' हा शब्द लिहिला आणि जुन्या पायथॉनला त्याची लांबी विचारली. उत्तर आले, ९. नव्याला विचारली. उत्तर आले, ३.

जुनी भाषा इंग्रजीच्या मापाने शिवलेली होती. एक अक्षर म्हणजे यंत्रातला एक कप्पा, असा तिचा हिशेब. देवनागरीच्या एकेका खुणेला तीन तीन कप्पे लागतात. म्हणून दोन अक्षरांची जनी तिच्या लेखी नऊ कप्प्यांची होई. मराठी काय, तमिळ काय, चिनी काय, इंग्रजीवाचूनचे सगळे जग तिच्या घरी ओसरीवर बसलेले. तिसऱ्या आवृत्तीने अक्षर हे अक्षर म्हणून मोजायला घेतले. नावे देवनागरीत ठेवायची मुभा दिली. जुने प्रोग्राम मुख्यतः या बदलाने मोडले. कंस हे निमित्त. ज्या बदलावर चिडून मी आलो होतो, तो मला घरात घेण्यासाठी केलेला होता!

तिने सगळीकडे कंस घातले. प्रोग्राम सुरळीत चालला. मी सुटकेचा निःश्वास टाकतो तोच ती म्हणाली, "थांबा सर, आता खरी भीती आहे." पडद्यावर जनीची लांबी आली होती, १.०.

झाले होते असे. २०१३ साली ते नऊ पाहून तिने शक्कल लढवली होती: उत्तराला तीनाने भागून टाकायचे. नवी भाषा मुळातच तीन मोजते. त्याला पुन्हा तीनाने भागले. जिथे यंत्र अडून बसते तिथे माणूस सावध होतो. जिथे ते मुकाट्याने चुकीचे उत्तर देते, तिथे सत्यानाश. तिने ती भागाकाराची ओळ काढली. उत्तर पुन्हा ३ आले.

"पण जनी ही दोन अक्षरी आहे," मी सहज म्हणालो.

आणि बोलता बोलता माझाच आवाज मला ऐकू आला. यंत्र वेलांटी निराळी मोजते, हलन्ताची खूण निराळी मोजते. मी घाईघाईने दोन शब्द विचारायला सांगितले. 'दळण': ३. 'विठ्ठल': ६. आपल्या कानाला दोन्ही तीन अक्षरी. जोडाक्षरे नि काना-मात्रा जितक्या अधिक, तितका शब्द लांब दिसणार! संस्कृत वळणाचे शब्द मला लांब दिसले होते ते लांब नव्हते. ते मोजणाऱ्याचे अज्ञान होते. हीच चूक २०१३पासून माझ्या सूचीत होती, आणि तिच्यावर मी लेख उभा केला होता.

ती पोर ओशाळली. म्हणाली, "सर, चूक माझी." मी म्हटले, "मुळीच नाही. तू प्रोग्राम लिहिलास. वाचायचे काम माझे होते."

तिने पाऊण तासात मोजणी सुधारली. व्यंजनाला चिकटलेल्या खुणा सोडून द्यायच्या, हलन्तापुढचे व्यंजन मागच्यात मिसळायचे. पुन्हा हिशेब केला. दोन गटांतला फरक पुरता नाहीसा झाला नाही, पण माझ्या लेखाचा कणा मोडेल इतका कमी झाला.

संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो. नदी गढूळ, भरलेली. जनाबाईच्या देवळात टाळांचा आवाज चालू होता. मी विचारले, "भाषेत बदल करायचा तर ठरवते कोण?" ती सांगू लागली. ज्याला बदल हवा त्याने प्रस्ताव लिहायचा: काय हवे, का हवे, कुणाचे काय मोडेल. त्यावर जगभरचे लोक वाद घालतात. मान्य झालेला प्रस्ताव राहतो, तसा नाकारलेलाही कारणांसह जपून ठेवतात. २०१८ साली एका लहानशा चिन्हावरून इतकी कडाक्याची भांडणे झाली की प्रस्ताव मंजूर करून खिडोने १२ जुलैला अधिकारपद सोडले. मागे वारस नेमला नाही. कसे चालायचे ते तुम्हीच ठरवा, म्हणाला. भाषा घडवणाऱ्यांनी मतदान घेतले, आणि २०१९पासून निवडून आलेल्या पाच जणांचे मंडळ तो कारभार पाहते. आता दर वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे आपल्या दिवाळी अंकांच्या हंगामातच, नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येकीची पाच वर्षे देखभाल होते. काही काढून टाकायचे तर आधी निदान दोन आवृत्त्यांत इशारा द्यायचा असा दंडक आहे.

"आणि शिकतात का चुकांतून?"

"शिकतात ना. २०१८ साली 'असिंक' हा शब्द भाषेनं स्वतःसाठी राखून ठेवला. ज्यांनी ते नाव आधी दुसऱ्या कशाला दिलं होतं, त्यांचं काम मोडलं. २०२१ साली 'मॅच' हा शब्द हवा होता. तेव्हा तो विशिष्ट जागी आला तरच खास, एरवी साधं नाव, असं केलं. कुणाचं काही मोडलं नाही."

हे मला एकदम उमगले. मराठीत 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे सारा, आणि आईने दटावून म्हटले तर 'कर' म्हणजे मुकाट्याने कर. कुणी घोटाळत नाही. जागा अर्थ सांगते. मला १९६२ सालही आठवले. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. जुनी पुस्तके काही मोडली नाहीत, कारण माणूस वाचताना सांभाळून घेतो. यंत्र सांभाळून घेत नाही. म्हणून त्याची भाषा सांभाळणाऱ्यांना आपल्यापेक्षा अधिक सावध राहावे लागते.

मग संकोचत तिने सांगितले की या भाषेच्या माहितीपुस्तकातले एक चुकीचे वाक्य तिनेही एकदा दुरुस्त करून पाठवले होते. कुणीतरी कारण विचारले, कुणी शब्द बदलायला लावला, आणि अखेर ते स्वीकारले गेले. "एकच वाक्य, सर. पण कुणी बदललं, कधी आणि का, ते तिथं लिहिलेलं आहे."

मी देवळाकडे पाहत राहिलो. जनीच्या अभंगांत ज्यांनी आपली ओळ मिसळली त्यांनी ती प्रेमानेच मिसळली असणार. पण कधी आणि का, ते लिहिले नाही. म्हणून आज माझ्यासारख्याला अक्षरे मोजत बसावे लागते, आणि मोजण्यातही चुकावे लागते.

परतीच्या गाडीत मी पुस्तकाचे पहिले पान लिहून काढले. माझ्या लेखात काय म्हटले होते, ते कोणत्या चुकीमुळे म्हटले, चूक कुणामुळे सापडली, आणि आता काय म्हणतो. जुना आकडा खोडला नाही. नव्याच्या शेजारी तारखेसह ठेवला. पुस्तक आता बारीक होईल, आणि कौतुकही कदाचित बेताचेच होईल.

पूल आला. शेजारच्या आजीबाईंनी नाणे काढले आणि माझ्याकडे पाहिले. मीही खिशात हात घातला.