आधी कात्री

वडील कात्री मागाच्या पलीकडच्या खांबाला टांगायचे, हात लांब करावा लागेल अशी. रेशमाची लड आसारीवर चढवताना गुंता पडला की माझी नजर तिकडे वळायची आणि ते वर न बघताच विचारायचे, "बोटं आहेत ना?" पैठणीचं रेशीम बारीक. कापलं तर सांधावं लागतं, सांधलं तर गाठ राहते आणि ती फणीत अडकते. त्यामुळे विणकराचं पोर विणायच्या आधी गुंता सोडवायला शिकतं. टोक शोधायचं, ओढायचं नाही, ढिलं करत करत पुढे जायचं. घाई झाली तर हात मागे घ्यायचा, पाणी पिऊन यायचं, पण कापायचं नाही.

पस्तीस वर्षं मी हेच केलं. आणि याच सवयीपायी माझ्या हातात पहिला पक्षी मेला.

येवल्याची संक्रांत तीन दिवसांची. भोगी, संक्रांत आणि कर. माग बंद, दुकानं अर्धी बंद, गाव गच्चीवर. हलकडी वाजत असते, कोणाचा पतंग कापला की सगळी आळी ओरडते. बाहेरचे लोक चक्रीवर दोरा गुंडाळतात, आमच्याकडे आसारी. रेशीम उकलायची घरातली ती आसारी आणि पतंगाचीही आसारीच. मी स्वतः पंधराव्या वर्षापर्यंत घोटलेल्या मांजाने बोटं कापून घेतलेली आहेत, तेव्हा मला यात सोवळं व्हायचं नाही.

तर बऱ्याच वर्षांपूर्वी करीच्या दिवशी शेजारची पोरं एक साळुंकी घेऊन आली. पंखाला, पायाला, मानेला मांजा. "काका, तुमचा हात दोऱ्यात बसलेला आहे, तुम्हीच सोडवा." मला बरंही वाटलं. अंगणात उन्हात बसलो, साळुंकी डाव्या हातात घट्ट धरली आणि टोक शोधायला लागलो. पाऊण तास लागला. चार-पाच पोरं डोक्यावर वाकलेली, शेजारच्या गच्चीवर गाणी. एकही धागा न कापता मी तो अख्खा मांजा सोडवला आणि पोरांना दाखवला. मग डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या ड्रॉपरने तिच्या चोचीत पाणी सोडलं. तिने दोनदा चोच उघडली, मान टाकली आणि संपली.

गावात गुरांचे एक डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, खरं तर शाबासकीसारखं काहीतरी ऐकायला. "प्रयत्न केलात भाऊ" वगैरे. ते म्हणाले, "तुम्ही तिला तीन वेळा मारलंत." आणि खुर्ची पुढे सरकवली.

त्यांनी सांगितलेलं मी तेव्हापासून बोटांवर घोकत आलो आहे. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हा हवा आत जाते. घट्ट मुठीत धरलं की चोच उघडी असूनही तो गुदमरतो. दुसरं, जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. आपण मायेने पाणी सोडतो ते थेट फुप्फुसात जातं. आणि तिसरं म्हणजे तो पाऊण तास. आपल्यासारखं एवढं मोठं जनावर तोंडाजवळ तोंड आणून बसलंय, म्हणजे आता आपल्याला खाणार, याखेरीज पक्ष्याला काही कळायचं कारण नाही. धसक्यानेच तो अर्धा जातो. "दोरा वाचवायचा होता का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी सहज विचारलं असेल. मला ते झोंबलं, कारण खरंच, माझी बोटं दोराच वाचवत होती.

तेव्हापासून संक्रांतीला कात्री उजव्या हाताला असते. छोटी, बोथट टोकाची. पक्षी आला की आधी जुनं सुती कापड त्याच्यावर टाकायचं, डोकंसुद्धा झाकायचं. अंधार झाला की बहुतेक पक्षी निम्मे शांत होतात. मग लोंबणारा मांजा दोन्ही बाजूंनी कापायचा, म्हणजे झटापटीत तो आणखी आवळत नाही. वरवरचा असेल तो एक-दोन मिनिटांत निघतो. मांसात रुतलेला असेल तर त्याला हात लावायचा नाही. तो तसाच ठेवायचा, डॉक्टर बघतील. अर्धवट गुंता खोक्यात घालून झाकण लावायचं, हे मला फार जड गेलं. काठातला मोर अर्धा सोडून आम्ही जेवायलाही उठत नाही.

खोकं चपलांचं. बाजारातल्या एका दुकानदाराने आता मला विचारायचंही सोडलंय, डिसेंबरअखेर वीस-पंचवीस खोकी बाजूला काढून ठेवतो. कडेला पेन्सिलीने भोकं, खाली साधं कापड. टॉवेल नको, त्याच्या फासात नखं अडकतात. एका कोपऱ्याबाहेर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टेकवायची, म्हणजे ऊब हवी असेल तर पक्षी तिकडे सरकेल, नको असेल तर लांब राहील. पोरं हमखास सांगतात, "काका, याला ताप आलाय." ताप नसतो. पक्ष्याचं अंगच 40 ते 42 अंशांचं, आपल्या हाताला ते तापल्यासारखं लागणारच. उलट तो गार लागला तर घाबरायचं.

आणि दूध-पाव नाही. हे मी दरवर्षी निदान दहा लोकांना सांगतो. दूध पचवायची सोय पक्ष्याच्या पोटात नसते. पहिले काही तास खाणं नको, पाणी पाजणं नको, बघणंसुद्धा नको. आमच्या घरचे या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहेत. खोकी देवघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जातात आणि दाराला बाहेरून कडी लागते. "बरा आहे का बघून येतो" म्हणणाऱ्या पाहुण्यांना आधी चहा मिळतो आणि मग निरोप.

नायलॉनबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या लहानपणी सुती दोरा शिरस आणि काचेने घोटायचे. तोही कापायचा, पण पावसाळ्यात कुजून जायचा. नायलॉन कुजत नाही. जुलै 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो, कुठे मिळतो हेही सगळ्यांना माहीत असतं. म्हणून माझी संक्रांत तीन दिवसांत संपत नाही. लिंबावर, बाभळीवर, विजेच्या तारांवर ती जाळी होळीपर्यंत लटकत असते. कावळे घरट्यात दोऱ्याचे तुकडे आणतात. एकदा जूनमध्ये वादळात पडलेल्या घरट्यात दोन पिल्लांचे पाय एकाच नायलॉनने घरट्याला बांधलेले होते, पाय वाढत गेले तसा दोरा आत गेला होता. त्यांचं काही करता आलं नाही.

मोठ्या पक्ष्यांना मांजा लागतो तो सकाळी लवकर आणि दिवेलागणीला, त्यांच्या जायच्या-यायच्या वेळेला. बगळे रांगेने परततात आणि त्या वेळी आमच्या गच्च्यांवर सगळ्यात जास्त पतंग असतात. बगळा उचलताना आधी मानेमागे हात, कारण तो डोळ्यावरच चोच मारतो. घारीची चोच परवडली, पंजे आधी सांभाळायचे. मांजा बहुतेक वेळा लागतो तो पंखाच्या पुढच्या कडेला. खांद्यापासून मनगटापर्यंत तिथे कातडीचा एक ताणलेला पडदा असतो, आतून बारीक दोरीसारखी शीर. तो कापला गेला की हाड शाबूत असूनही पंख पसरत नाही. डॉक्टरांनी एका घारीचा हा पडदा शिवताना मला दिवा धरायला बोलावलं होतं. चिमट्याने दोन कडा जुळवून घेतलेले ते टाके मी बघत राहिलो. काठ आणि पदर जुळवताना आम्ही असेच श्वास धरून बसतो. घार मात्र उडाली नाही, ती पुढे नाशिकला गेली.

नाशिक इथून 80-85 किलोमीटर. तिथे पक्ष्यांवर उपचार करणारी माणसं आहेत, पण भोगीच्या संध्याकाळी सात वाजता ते अंतर फार मोठं होतं. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा, हा नियम मी मोडत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. जंगली पक्षी सापडला की 48 तासांच्या आत कळवावंच लागतं, आणि "बरा झाला की पिंजऱ्यात ठेवू" हे पोपटाच्या बाबतीतही चालत नाही. आमच्या तालुक्यात ममदापूरला काळविटांचं राखीव क्षेत्र आहे. एखादं काळवीट विहिरीत पडतं, एखाद्याच्या मागे कुत्री लागतात, आणि वनरक्षकांची धावाधाव तिकडे चालू असते. ते म्हणतात, "रात्रभर सांभाळा, सकाळी येतो." बहुतेक वेळा येतातही. नाही जमलं तर त्यांना सांगून खोकं कांद्याच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी ठेवतो, नाशिकच्या द्वारका चौकात कोणीतरी उतरवून घेतं. वर मोठ्या अक्षरात लिहितो, 'उघडू नका'. एका ड्रायव्हरने वाटेत बगळ्याला भजी दिली होती. त्याच्या मायेबद्दल मी काही बोललो नाही, दुसऱ्या वेळेपासून झाकणावर दोरी बांधायला लागलो.

मधली रात्र आपली. सगळं कसब त्या एका रात्रीचंच आहे आणि त्यात करण्यासारखं जवळपास काही नाही. मागावर दिवसाला कधी दोन बोटं कापड उतरतं, त्यामुळे कूर्मगती मला नवीन नाही. पण तिथे हात चालू असतात.

दिल्लीत दोन भाऊ घारींवर उपचार करतात, नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद. त्यांच्यावर 2022 मध्ये 'ऑल दॅट ब्रीद्स' नावाचा माहितीपट आला. तरुणपणी व्यायामाच्या नादात स्नायूंची, शिरांची जी माहिती झाली, ती त्यांनी घारीच्या पंखावर वापरली. ते बघून मला हायसं वाटलं. मलाही पक्षी कुठे ओळखता येत होते! आमच्या काठावर वर्षानुवर्षं जी 'मुनिया' विणतो तिला चोच असते पोपटाची. खरी मुनिया, चिमणीहून लहान, जाड चोचीची, माझ्या हातात आली तेव्हा ती कोण हे मला डॉक्टरांना विचारावं लागलं.

मार्चपासून काम बदलतं. निफाडकडून द्राक्षबागेच्या जाळीत अडकलेले बुलबुल, साळुंक्या. तिथेही तेच, जाळी कापा, शेतकऱ्याशी भांडण झालं तरी चालेल. मांजराने धरलेला पक्षी आला की जखम टाचणीएवढी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे, कारण मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी तो एक-दोन दिवसांत दगावतो. खिडकीवर आपटलेल्याला तासभर खोकं पुरतं. एप्रिल-मेमध्ये मात्र निम्मी खोकी मी तशीच परत पाठवतो. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जखमी नसतं, ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप वरच्या फांदीवर ओरडत असतात. "पण आता माणसाचा हात लागला, आई घेणार नाही." घेते. पिल्लू जिथून उचललं तिथल्याच फांदीवर ठेवा आणि मांजर बांधा.

पाकोळीचं वेगळं. धडधाकट असूनही जमिनीवर पडली की तिला बहुतेक वेळा उठता येत नाही. चारही बोटं पुढे, भिंतीला लटकण्यासाठी, चालण्यासाठी नव्हेतच. लोकांना वाटतं पाय मोडले. तिला घेऊन मी गच्चीवर जातो, तळहात सपाट उघडतो आणि थांबतो. फेकायचं नाही. कधी एक मिनिट, कधी दहा. ती आधी थरथरते. मग हातावरचं वजन नाहीसं होतं, वजन तरी काय, दोन-तीन लडी रेशमाएवढं, आणि माझी मान वर होईपर्यंत ती चिंचेपलीकडे गेलेली असते.

2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला, तेव्हा डॉक्टरांनी मला स्पष्ट बजावलं होतं. एका जागी दोन-चार पक्षी मेलेले दिसले तर हात लावायचा नाही, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. ती संक्रांत मी हातमोजे आणि मास्क घालून काढली. हातमोजे तेव्हापासून सुटले नाहीत. त्यात बोटांना दोरा कळत नाही, पण आता दोरा कळायची तशी गरजही उरलेली नाही.

गेल्या संक्रांतीला अकरा आले. चार इथूनच उडाले, दोन नाशिकला गेले, बाकीचे राहिले नाहीत. त्यातल्या एका शराटीचा खांद्याचा सांधाच चिरडला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला सोडवली आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो.

करीच्या रात्री अकराला फोन वाजला. अंदरसूलकडचा मुलगा, मागे खूप आवाज.

"काका, पोपट आहे. पंखात मांजा. आम्ही सगळे बसून सोडवतोय, बराचसा सोडवला."

"कात्री आहे का?"

"आहे. पण काका, थोडाच राहिलाय."

"काप. राहिलेला राहू दे. खोकं आहे?"

"आहे. पाणी पाजू का?"

"नको. झाकण लाव. दिवा बंद कर आणि सगळे खोलीच्या बाहेर या."

"मग काय करू?"

"मग काही नाही. सकाळी सहाला मला फोन कर."